दोन नोंदींमधील रोपे

वनीकरणाच्या कामाची जी दप्तरे आजवर माझ्या हाताखालून गेली, त्या सर्वांत रोपाच्या आयुष्याची दखल दोनच ठिकाणी घेतलेली आढळते: एकदा रोपवाटिकेच्या वहीत ते खर्ची पडते तेव्हा, आणि पुन्हा लागवडीच्या वहीत ते खड्ड्यात उभे राहून जमा होते तेव्हा. या दोन नोंदींच्या मध्ये जो काळ जातो, जो कधी दोन-तीन दिवसांचा असतो आणि कधी महिना उलटून जातो, त्याला कोणत्याही वहीत रकाना नाही. रोपवाटिकेने पोच घेतलेली असते, म्हणून तिची जबाबदारी संपलेली असते. लागवडीच्या मुकादमाने हजेरीपट अद्याप उघडलेला नसतो, म्हणून त्याची सुरू झालेली नसते. आणि तरीही हिर्डोशीच्या खोऱ्यात अनेक पावसाळे हे काम करीत आल्यावर माझी अशी खात्री झाली आहे, की रोप जगणार की मरणार याचा निवाडा बहुतांशी या बेवारस काळातच होऊन जातो. दिवाळीच्या सुमारास मोजणीसाठी डोंगर चढावा, वाळलेल्या काटक्या वेगळ्या मोजाव्यात, आणि पावसाच्या ओढीला, मुरमाला, गुरांना किंवा वाळवीला दोष देऊन खाली उतरावे, असा सर्वत्र परिपाठ आहे. परंतु त्यांतली पुष्कळ रोपे खड्ड्यात जाण्यापूर्वीच मरणाला लागलेली होती, पाने तोवर हिरवी असल्यामुळे ते कोणाच्या ध्यानात आले नव्हते, ही गोष्ट त्या मोजणीत कोठेच उमटत नाही.

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता निगुडघर मागे टाकून नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेकडेने वरंध घाटाकडे चढू लागतो, त्या रस्त्यावर हिर्डोशी आहे. नीरेचा उगम याच खोऱ्याच्या माथ्याकडे, शिरगावी आहे. शिवकालात हा प्रदेश हिर्डस मावळ म्हणून ख्यात होता; बांदल देशमुखांच्या आणि त्यांचे देशपांडे बाजीप्रभू यांच्या नावाने तो मराठी माणसाला शाळेपासून परिचित आहे. पुढे तो पंतसचिवांच्या भोर संस्थानात राहिला आणि १९४८ साली संस्थानाबरोबर मुंबई इलाख्यात विलीन झाला. येथल्या डोंगरउतारांवर जे रान एके काळी अखंड होते आणि आज तुकड्यातुकड्यांनी उरले आहे, त्यात हिरडा, बेहडा, ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी, पिसा, कुंभा ही झाडे आहेत, आणि त्यांच्याखाली कारवी आहे. यातली बरीच जमीन मालकीची. कोळशासाठी झालेली तोड, भाताच्या राबासाठी दर वर्षी होणारी फांद्यांची खांडणी आणि उन्हाळ्यातले वणवे या तिघांनी मिळून ते रान मागे हटवले. ज्या उतारांवर आम्ही लागवड करतो ते अशा मागे हटलेल्या रानाचे उतार आहेत: वर गवत, खाली वीत-दोन विती माती, आणि मग मुरूम.

या खोऱ्याची एक विशेषता बाहेरच्या माणसाला प्रथम उमगत नाही. भोर तालुक्याचा पूर्वेकडचा भाग कोरडा आहे आणि घाटमाथ्याकडचा अतिवृष्टीचा. मधल्या थोड्याशा अंतरात पाऊस कित्येक पटींनी वाढतो. रोपवाटिका साहजिकच पूर्वेच्या अंगाला असतात, कारण तेथे बारमाही पाणी, सपाट जमीन आणि वाहनांचा रस्ता आहे. म्हणजे जे रोप वर्षभर निवाऱ्यात, हिरव्या जाळीखाली, झारीच्या पाण्यावर वाढले, त्याला आपण एका दिवसात टेम्पोत घालून अशा ठिकाणी नेतो, की जेथे जूनच्या आरंभी उन्हाची तिरीप असह्य असते आणि पंधरवड्यानंतर पश्चिमेचा वारा माणसाला उभे राहू देत नाही. त्या स्थित्यंतराला मधले विश्रामस्थान हवे. आम्ही त्याला तळ म्हणतो, आणि माझ्या लेखी वनीकरणाच्या साऱ्या कामात तळाइतकी महत्त्वाची आणि तळाइतकी उपेक्षित जागा दुसरी नाही.

तळ टाळता येत नाही, याचे कारण खोऱ्याच्या पंचांगातच आहे. रोपे आणायची तर मृगाच्या आत आणावी लागतात. पाऊस लागला की आडवाटेचे रस्ते चिखलाने बंद होतात आणि भरलेला टेम्पो वर चढत नाही. लावायची मात्र जमीन आतपर्यंत भिजल्यावाचून लावता येत नाहीत, कारण पहिल्या वळिवाने वरची दोन बोटे माती ओली झाली म्हणजे खड्ड्याचा तळ ओला झाला असे नव्हे, आणि अशा फसव्या ओलीवर लावलेले रोप पुढच्या उघडिपीत हमखास करपते. आर्द्रा निघावे, चांगला चार-पाच दिवस पाऊस लागून राहावा, मग खड्ड्यातला मुरूम हाताला गार लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी सारे खोरे भाताच्या लावणीला लागते. तरवा तयार झालेला असतो, खाचरात पाणी साठलेले असते, चिखलणी झालेली असते. घरातली सगळी माणसे, पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून आलेली मुलेसुद्धा, पहाटेपासून दिवस मावळेपर्यंत खाचरात वाकलेली असतात. त्या दिवसांत डोंगरावर झाड लावायला या, असे कोणाला म्हणणे मला कधी उचित वाटले नाही. वर्षाचे अन्न त्या पंधरवड्यावर उभे असते. ज्यांनी मजुरी वाढवून माणसे खाचरातून काढण्याचा यत्न केला त्यांची लागवडही निकृष्ट झाली आणि गावाशी असलेला स्नेहही उणावला. तेव्हा रोपांनी लावणी उरकेपर्यंत थांबले पाहिजे, हे आधीच गृहीत धरणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे. आणि थांबायचे असेल तर थांबण्याची व्यवस्था नेटकी हवी.

तळाची जागा निवडताना पहिला विचार पाण्याचा येतो आणि तो बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबणारे लोक रोपे पडीक खाचरात नेऊन मांडतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात खाचर कोरडे, सपाट, बांधाने सुरक्षित आणि ओढ्याच्या जवळ असते. त्याहून सोयीची जागा दिसत नाही. मग पाऊस पडतो आणि खाचर ज्यासाठी निर्माण झाले ते काम करू लागते, म्हणजे पाणी धरून ठेवते. पिशव्यांच्या बुडाशी चार बोटे पाणी उभे राहते; मुळांना श्वासाला हवा मिळत नाही; दोन-तीन दिवसांत मुळांची टोके काळवंडतात आणि पाणी पायाशी असूनही पाने मान टाकतात. हे पाहिलेल्या माणसाला तहानेने मरणे आणि बुडून मरणे यांची बाह्य लक्षणे किती सारखी असतात, हे कायमचे कळते, आणि कोमेजलेले रोप दिसताच झारी उचलण्याची त्याची सवय सुटते. म्हणून जागा किंचित उताराची हवी, वरच्या अंगाला चर हवा, आणि वाहत्या पाण्याच्या पातळीहून ती दोन हात तरी उंच हवी. सावली हवी, पण पसरट दाट आंब्याखालची नको. एक तर तेथे रोप उन्हाची सवय विसरते आणि कोवळे लांबुडके फुटते, आणि दुसरे असे, की मोठ्या झाडाच्या पानांवरून ओघळणारे जड थेंब एकाच ठिकाणी पडत राहून पिशवीतली माती खणून काढतात. विरळ पानांच्या झाडाची चाळणीतून आल्यासारखी सावली उत्तम. ती नसेल तर ऐनाच्या किंवा जांभळीच्या टहाळ्यांचा मांडव घालावा आणि लागवडीच्या आधी आठ-दहा दिवस त्यातल्या टहाळ्या रोज थोड्या थोड्या कमी करीत न्याव्यात. पश्चिमेकडे वाऱ्याला आड हवी. करवंदीच्या काट्यांची वई घातल्याशिवाय तर शेळ्या एका दुपारात शिवणीचा आणि बांबूचा शेंडा ठेवीत नाहीत.

आता उतरवण्याविषयी. या एका क्रियेवर मी वाजवीपेक्षा अधिक लिहीन, कारण रोपांची सर्वांत मोठी हानी टेम्पोचे फळके उघडल्यापासूनच्या पहिल्या तासाभरात होते, असे माझे निरीक्षण आहे. चालकाला परतायचे असते, दुपार झालेली असते, माणसे थोडी असतात. घाईत प्रत्येक जण रोप त्याच्या खोडाला धरून उचलतो, कारण हाताला सापडते ते खोड. पिशवीतली माती ओली असेल तर तिचा भार खोडावर न येता मुळांवर येतो. गळ्याशी, जेथे खोड संपून मूळ सुरू होते तेथे, ताण बसतो. मातीचा गड्डा आतल्या आत तुटतो. आणि ज्या बारीक पांढऱ्या मुळ्यांनी रोप पाणी पिते, त्या मातीपासून सुटतात. वरून काही दिसत नाही. पिशवी शाबूत असते, पाने टवटवीत असतात. परिणाम आठ दिवसांनी दिसतो, आणि तोवर कारण विसरलेले असते.

हिर्डोशीच्या बायकांइतके कुशल लावणीचे हात मी अन्यत्र क्वचितच पाहिले आहेत. परंतु ते कौशल्य भाताचे आहे, आणि भाताचा तरवा व रानाचे रोप यांच्या प्रकृतीत इतके अंतर आहे, की एकाच्या बाबतीत जो गुण तो दुसऱ्याच्या बाबतीत घात ठरतो. तरवा उपटतात तो पातीला धरून; त्याची मुळे पाण्यात आपटून चिखल धुऊन काढतात, जुडी बांधतात, आणि जुडी बांधावरून खाचरात दूरवर नेमकी फेकतात. भाताला त्याने काही होत नाही. त्याची मुळे तुटली तरी चिखलात आठवड्याच्या आत नवी फुटतात. जन्मभर त्या लयीत वाढलेल्या हातांनी हिरड्याचे रोप पानाला धरून उचलावे, आणि पुढच्या बाईकडे अलगद का होईना पण फेकावे, हे अत्यंत स्वाभाविक होते. सूचना देऊन ते थांबले नाही. थांबले ते एका वयोवृद्ध आजींमुळे. त्यांना मी गड्डा फुटलेली पिशवी ब्लेडने उभी चिरून आतली सुटलेली माती आणि उघडी पडलेली मुळी दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेतली, बोटाने चाचपली आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या, “अगं बायांनो, ह्याचं पोट फुटलंय. खालनं धरा, दोन्ही हातांनी धरा.” त्या दिवसापासून तळावर नव्या आलेल्या प्रत्येकीला हे त्याच शिकवू लागल्या, आणि मला पुन्हा त्याविषयी बोलावे लागले नाही. हाताने शिकलेल्या माणसाला हाताने दाखवलेलेच पटते.

उतरवलेल्या पिशव्या उभ्या मांडायच्या, एकमेकींना खेटून, दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचेल एवढ्याच रुंदीच्या पट्ट्यांत. खेटून मांडण्याचे कारण असे, की काळ्या पॉलिथिनवर थेट ऊन पडले तर आतली माती तापते आणि बाजूची मुळे भाजतात; आतल्या पिशव्यांना शेजारणींचे छत्र असते, पण कडेच्या ओळीला ते नसते, म्हणून कडेला अर्ध्या उंचीपर्यंत मातीची भर द्यावी लागते. पिशवी आडवी पडू देऊ नये. आडव्या पडलेल्या रोपाचा शेंडा एक-दोन दिवसांतच आकाशाकडे वळतो, आणि मग ते उभे केले तरी खोडात बाक राहून जातो. डोंगरावरच्या वाऱ्यात तो बाक पुढे वैरी ठरतो. रोपे एकावर एक रचण्याचा प्रकार तर सर्वथा वर्ज्य. ढिगाच्या आत पानांच्या श्वसनाने ऊब साठते, ओल कोंडते, बुरशी धरते, आणि एका रात्रीत मधली पाने पिवळी पडून चिकट होतात.

पाणी किती घालावे, याला माप सांगता येत नाही. पिशवी उचलून पाहणे एवढी एकच परीक्षा मला विश्वसनीय वाटते: भरल्या पिशवीचा आणि रित्या पिशवीचा भार एकदा हाताला कळला की डोळ्यांची आवश्यकता राहत नाही. वरची माती ओली दिसते आणि खाली कोरडी असते; पानांची छत्री झारीचे पाणी बाहेर सांडते; पाऊस रिमझिम असेल तर तीच फसवणूक आणखी वाढते. पावसात उभी असलेली रोपे तहानेने सुकली, असे सांगितले तर नवख्याला विश्वास बसत नाही. तळावर रोज सकाळी प्रत्येक पट्टीतल्या चार-दोन पिशव्या मधून, कडेवरून आणि टोकावरून उचलून पाहायच्या, हा आमचा नियम झाला. ज्या दिवशी रोपे डोंगरावर जायची, त्याच्या आदल्या संध्याकाळी पोटभर पाणी द्यायचे. निघतानाच दिले तर गड्डा लिबलिबीत होऊन वाटेतल्या हिसक्यांनी फुटतो, आणि न देता नेले तर पिशवी काढताच माती भुरभुरून पडते.

सर्व जातींना एका पट्टीत मांडणे हाही एक अविचार आहे. हिरडा मंदगती, त्याच्या बीवरचे कवच इतके कठीण, की उगवण मुळातच थोडी आणि अनियमित होते, आणि उगवलेले रोप पहिल्या वर्षी वीतभरही होत नाही. परंतु एकदा धरले की ते तळावर शांतपणे वाट पाहते. त्याने वर दाखवले नाही तरी खाली सोटमूळ घातलेले असते. ते सोटमूळ पिशवीच्या बुडातून बाहेर पडून जमिनीत घुसते, आणि तळावरचा मुक्काम लांबला तर पिशवी उचलताना तटकन तुटते. म्हणून हिरड्याच्या आणि बेहड्याच्या पिशव्या आठवड्यातून एकदा जागच्या जागी हलवाव्या लागतात: बुडातून डोकावलेले मूळ थोडे असतानाच तुटावे आणि आत नव्या मुळ्या फुटाव्यात, हा त्यातला हेतू. जांभळाचे पान चिवट, पण बी अल्पायुषी. फळ पिकल्यावर थोड्याच दिवसांत पेरले तर उगवते, आणि एका बीतून पुष्कळदा दोन-तीन अंकुर येतात, ते रोपवाटिकेतच विरळले नसतील तर तळावर येईतो एकमेकांना खाऊन टाकतात. बांबूला पाने पुष्कळ आणि कंद लहान, म्हणून सर्वांत आधी तहानतो तो. त्याची पट्टी पाण्याच्या सर्वांत जवळ आणि वाऱ्यापासून सर्वांत दूर. सागाची कथा निराळीच. त्याचे पान एवढे मोठे, की पानांसकट त्याचा प्रवास करवणे म्हणजे त्याला वाळवणेच; त्यासाठी वर्षभराच्या रोपाची पाने व बारीक मुळ्या छाटून, वीतभर मूळ आणि दोन बोटे खोड एवढीच सागजडी काढतात. ती ओल्या गोणपाटात गुंडाळून नेता येते आणि सावलीतल्या वाळूत पुरून काही आठवडे ठेवता येते. तो उपाय घाटमाथ्याला उपयोगाचा नाही, कारण साग हे त्या अतिवृष्टीच्या प्रदेशातले झाड नव्हे. पण खालच्या उतारांवर त्याने आमचे श्रम पुष्कळ वाचवले.

थंड देशांतल्या वनीकरणाविषयी वाचताना मला नेहमी एका भेदाचे आश्चर्य वाटत आले आहे. कॅनडा, स्वीडन किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात सूचिपर्णी रोपे हिवाळ्याच्या तोंडाशी, ती निद्रिस्त झाल्यावर उपटतात, मेणकापडी आवरणाच्या खोक्यांत भरतात, आणि शून्याखाली साधारण दोन अंशांवर महिनोन्‌महिने शीतगृहात ठेवतात. वसंतात खोकी हळूहळू वितळू देतात आणि लागवडीच्या जागी, उष्णता परतवणाऱ्या चंदेरी कापडाखाली, त्यांचा छोटा साठा करतात. तेथे रोप झोपलेले असते, म्हणून ते थांबू शकते. आपले रोप साठवणीच्या काळात झोपलेले नसते; मृगाच्या आगेमागे तर ते वर्षातल्या सर्वाधिक जागृत अवस्थेत असते, नवी पालवी काढीत असते. आपल्याला शीतगृहाची नक्कल करून भागणार नाही. जागे असलेल्या जिवाची दैनंदिन शुश्रूषा हाच येथे साठवणीचा अर्थ आहे.

प्रवासातच रोपांचा नाश होतो, हे ज्ञान मात्र जुने आहे आणि मोठी किंमत देऊन मिळवलेले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या वैद्याने काचेची बंद पेटी शोधून काढली तेव्हा कोठे समुद्रापारची रोपे जिवंत पोहोचू लागली, आणि त्याच पेट्यांतून चीनचा चहा हिंदुस्थानात आला. परंतु पेटीनेही सर्व साधत नाही. क्लेमेंट्स मार्कम यांनी १८६० मध्ये पेरूच्या डोंगरांतून अपार कष्टाने मिळवलेली सिंकोनाची रोपे थेट मद्रासला न येता इंग्लंडमार्गे आली. वाटेतल्या दिरंगाईने आणि तांबड्या समुद्राच्या उष्म्याने ती खचली, आणि निलगिरीत पोहोचल्यावरही वाचली नाहीत. हे साहस आणि ही विद्या पणाला लागूनसुद्धा मधल्या मुक्कामांनी घात केला, हे वाचून मला आमच्या टेम्पोची आणि निगुडघरच्या पुढच्या वळणांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. ताडपत्री घट्ट न बांधता ऐन दुपारी धावणाऱ्या उघड्या वाहनात रोपांच्या पानांतून जेवढे पाणी वारा ओढून नेतो, तेवढे भरून काढायला तळावर कित्येक दिवस लागतात. आमची वाहतूक पहाटे किंवा रात्रीच व्हावी, हा आग्रह आम्ही भाडे अधिक देऊनही सोडला नाही.

कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा आरंभ हा वृक्षारोपणाचा राष्ट्रीय मुहूर्त होऊन बसला आहे. मुहूर्ताने लोकांचे चित्त एका कार्याकडे वळते, हा त्याचा मोठा लाभ मी मानतो. परंतु तारीख आणि जमिनीची ओल यांचा मेळ दर वर्षी बसेलच असे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये १ जुलै या एकाच दिवशी दोन कोटी रोपे लावण्याचा संकल्प केला. २०१७ मध्ये चार कोटींसाठी जुलैचा पहिला आठवडा ठरवला. २०१८ मध्ये तेरा कोटींसाठी सबंध जुलै दिला. आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींसाठी १ जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत मुदत ठेवली. दिवसाचा आठवडा, आठवड्याचा महिना आणि महिन्याचे तीन महिने, ही वाढ मला आकड्यांच्या वाढीइतकीच महत्त्वाची वाटते. मुदत जशी लांबते तसा रोपांना आपापल्या खोऱ्यातल्या पावसाप्रमाणे थांबायला अवकाश मिळतो. पण त्याच मापाने तळाची जबाबदारीही वाढते, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात पाणक्याची, राखणदाराची आणि मांडवाची तरतूद स्वतंत्रपणे करावी लागते. खड्ड्याला दर आहे, पिशवीला दर आहे, वाहतुकीला दर आहे. तीन आठवडे रोज सकाळी पिशव्या उचलून पाहणाऱ्या माणसाला दर नसला, तर तो माणूसही नसतो.

२०२१ च्या जुलैत या तरतुदीचे मोल आम्हांस फार दुःखद प्रसंगी कळले. त्या महिन्याच्या २२ तारखेला घाटाच्या पलीकडच्या अंगाला, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. वरंध घाटाचा रस्ताही खचला. खोऱ्यात कोणाच्या मनात लागवडीचा विचार उरला नव्हता, आणि उरू नये असेच ते दिवस होते. ज्याच्या त्याच्या घरामागचा डोंगर भिजून जड झालेला. माणसे रात्री जागत. उतारांवर पाऊल टाकणे धोक्याचे होते. रोपे तळावर थांबली. चर वरच्या अंगाने पाणी वळवीत होते, मांडव उतरवून ठेवला होता, पिशव्यांच्या बुडाखाली खडी अंथरलेली होती. राखणदार दिवसातून एकदा येऊन पडलेल्या पिशव्या उभ्या करून जाई. लागवड ऑगस्टच्या उत्तरार्धात झाली. उशिरा लावलेल्या रोपांना पुढचा हिवाळा जड जातो, ही भीती खरी होती. परंतु ती रोपे मुळाने सशक्त राहिली होती, आणि सशक्त मुळाला सप्टेंबरची ओल पुरते.

तळावरून खड्ड्यापर्यंतचा अखेरचा प्रवास डोक्यावरून होतो. घमेल्यात किंवा क्रेटमध्ये मावतील तेवढ्याच पिशव्या, उभ्या. चुंबळीवर तोल सांभाळून चढणाऱ्या बाईला अधिक द्यायच्या नाहीत, कारण थकलेला माणूस ओझे ठेवीत नाही, टाकतो. एका फेरीत तेवढीच न्यायची जेवढी अर्ध्या तासात लावून होतील. वर नेऊन खड्ड्याखड्ड्याशी एकेक रोप ठेवून देण्याची पद्धत दिसायला नेटकी आहे. तिने काम झपाट्याने चालल्यासारखे वाटते. पण शेवटच्या ओळीतली रोपे दुपारपर्यंत वाऱ्यात उघडी राहतात, आणि तळावर तीन आठवडे जपलेले तीन तासांत गमावले जाते. पिशवी उभी चिरायची, बुडाशी वेटोळे घातलेली मुळे बोटभर छाटून टाकायची, कारण वेटोळे तसेच ठेवले तर झाड मोठे होऊनही त्याच फेऱ्यात फिरत राहते आणि एखाद्या पावसाळ्यात मुळासकट कोलमडते. गड्डा दोन्ही तळहातांवर धरून खाली सोडायचा, गळा जमिनीबरोबर ठेवायचा, माती पायाने न दडपता मुठीने दाबायची. चिरलेल्या पिशव्या मोजून परत आणायच्या. ही मोजणी आम्ही दुहेरी उपयोगाची केली आहे: एक तर रानात प्लास्टिक राहत नाही, आणि दुसरे, परत आलेल्या पिशव्यांचा आकडा लावलेल्या रोपांच्या आकड्याशी जुळला तरच त्या दिवसाचा हजेरीपट मिटतो.

या सर्वांसाठी आम्ही एक तिसरी वही घातली आहे. रोपवाटिकेतून आलेली रोपे तिच्यात जातवार जमा होतात. उतरवतानाच नाकारलेली, म्हणजे गड्डा फुटलेली, शेंडा मोडलेली, पिशवीत अतोनात वेटोळलेली, त्याच दिवशी खर्ची पडतात, आणि त्या खर्चावर कोणाचाही राग धरायचा नाही असे ठरले आहे, कारण वाईट रोप नाकारणाऱ्याला शिक्षा होते असे दिसले तर वाईट रोपच खड्ड्यात जाते. रोज कोणी पाणी दिले, किती पडली, किती उचलून पाहिली, डोंगरावर किती गेली, हे राखणदार स्वतः लिहितो. अक्षर वळणदार नसले तरी त्याच्या वहीवरून मला आजवर एकदाही शंका विचारावी लागली नाही. लागवड संपल्यावर जी रोपे उरतात त्यांना आम्ही परत पाठवीत नाही. त्यांतली हिरडा, बेहडा आणि जांभूळ ही दसऱ्यापर्यंत नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरण्यासाठी राखून ठेवतो. त्यानंतरही उरलेली मोठ्या पिशव्यांत नव्या पोयट्याने भरून झऱ्याजवळच्या पट्टीत उन्हाळाभर सांभाळतो, आणि पुढच्या मृगाला नवी रोपे येण्यापूर्वी तीच प्रथम वर जातात. गेल्या खेपेला वर गेलेल्यांत दुसऱ्या वर्षाचा हिरडा अधिक होता. या वर्षी झऱ्याकाठची ती पट्टी वाढवावी, राखणदाराची मुदत आखाडापुरती न ठेवता शिमग्यापर्यंत करावी, आणि वणव्याच्या दिवसांत तिच्याभोवती जाळपट्टा काढून द्यावा, एवढे गावाशी बोलून ठरवायचे राहिले आहे.